काजळने आणलेलं बदक

तलावाच्या काठावर काजळ बसली होती. अंगावरून पाणी निथळत होतं आणि तोंडात होतं मेलेलं बदक. त्याची मान एका बाजूला लोंबत होती. तिच्यासमोर राजमती उभी होती, हात पाठीमागे घट्ट बांधून.

काजळ ही राजमतीची काळी लॅब्रेडोर, आणि शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेतली ही शेवटची, पाण्यातली फेरी. बंदुकीचा बार झाला तरी जागचं हलायचं नाही, काठाकाठानं वळसा घ्यायचा नाही, पाण्यावर माजलेलं केंदाळ फाडत सरळ पैलतीर गाठायचं, लव्हाळ्यात पडलेलं शोधायचं आणि आणून मालकाच्या हातात द्यायचं. काजळने सगळं केलं होतं. उरले होते ते फक्त राजमतीचे हात.

"घ्या की ताई," परीक्षक विजयसिंह म्हणाले. "हातात घेतल्याबिगर फेरी पुरी हुईत न्हाय."

"कापडाची डमी टाकणार म्हणून सांगितलं हुतं तुम्ही."

"ते पहिल्या फेऱ्यांना. शेवटाला खरा पक्षी असतोय. आन रानातला न्हाय हो, पाळलेलं बदक हाय. सकाळीच मान मुरगाळून आणलंय."

"सकाळीच," राजमती म्हणाली. तो शब्द तिच्या दातांखाली खड्यासारखा आला.

"दूध-भाकरीवरचं कुत्रं हाय ते!" मागून हंबीरराव ओरडला. त्याचा कुत्रा केंदाळातूनच माघारी फिरला होता. "इचारा त्याला, बदक कसं लागलं!"

हशा उसळला. राजमतीने पाठीमागचे हात आणखी घट्ट आवळले. दिवसभर दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या दुधातली स्निग्धता मोजायची आणि संध्याकाळी कळंबा तलावाच्या पाण्यात कापडी डमी भिरकवायची, एवढंच तिचं जगणं. त्या संध्याकाळींनी तिला तिचा आवाज दिला होता. घरात, कचेरीत कधी न चढलेला. आज त्याच आवाजात 'सोड' म्हणणं तिला जमत नव्हतं, कारण पलीकडे खुर्चीवर आण्णा बसले होते. सकाळी जैन बस्तीत देवाचं दर्शन घेऊन थेट आलेले, कपाळावरचं गंध अजून ओलं असावं असे. लेकीचा हा नाद त्यांनी एका अटीवर सोसला होता: मारलेल्या जीवाला आपला हात लागायला नको.

आता ते तिच्याकडे पाहत होते. नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

काजळ थरथरू लागली. थंडीचं पाणी तिच्या हाडांपर्यंत गेलं होतं, पण जबडा सैल होत नव्हता. खाली दोन्ही तळवे आल्याशिवाय सोडायचं नाही, हे राजमतीनेच तिला शिकवलं होतं. खाली टाकणं शिकवलंच नव्हतं. कुत्री डोळ्यांनी विचारत होती: माझं काही चुकलं का?

"न्हाय बाई," राजमती पुटपुटली. "तुझं न्हाय."

तिने दोन्ही हात पुढे केले. "सोड."

बदक तळव्यांवर आलं. वाटलं होतं त्याहून जड. एक पीसही मोडलेलं नव्हतं. इतकं जपून आणलं होतं ते, जणू अजून जिवंत असावं. काठावर टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांनीच राजमतीच्या आतलं काहीतरी पेटलं. ती तरातरा विजयसिंहांसमोर गेली.

"धरा."

"तिकडं टेबलावर ठेवा, ताई." ते मागे सरकले. अंगात पांढराशुभ्र शर्ट होता.

"टेबलावर न्हाय. हातात. तुम्ही मारायला लावलंय, तर हाताला कळू दे किती जड असतंय ते. माझ्या मुक्या जनावराला पुढं करून माझ्याकडनं हे करून घेतलंसा. लाज वाटत न्हाय?"

हशा थांबला. विजयसिंहांनी आजूबाजूला पाहिलं आणि मग, कोणी तान्हं मूल अचानक हातात द्यावं तसं, ते बदक अवघडून धरलं. शर्टावर पाण्याचा गढूळ ओघळ उतरला.

"पहिला नंबर तुमचाच हाय, ताई," ते हळू म्हणाले.

राजमतीने ते ऐकलं नाही. ओले हात अंगापासून दूर धरून ती आण्णांच्या खुर्चीपुढे येऊन उभी राहिली.

"आण्णा, ती आणून बसली हुती. थरथरत हुती. मी काय करायला पायजे हुतं? तुमीच सांगा."

आण्णा उठले. त्यांनी धोतराचा सोगा सावरला, काजळच्या ओल्या डोक्याकडे क्षणभर पाहिलं, आणि लेकीला सोबत न घेता एकटेच गगनबावड्याच्या रस्त्याकडे चालू लागले.