चिमटीवर सूट नाही

दत्ताराम परबांना कसलंही व्यसन नाही, असं स्वतः दत्ताराम परब सांगतात. सकाळी उठल्यापासून रात्री आडवे होईपर्यंत त्यांच्या खालच्या ओठामागे तंबाखूची गोळी असते, पण ती तंबाखू त्यांची नसते. कधी तळमजल्यावरच्या घाटपांड्यांची, कधी वॉचमनची, कधी कुरियर घेऊन आलेल्या अनोळखी माणसाची.

"विकत घेता तेका व्यसन," ते म्हणतात. "मी जल्मात एक पुडी विकत घेवक नाय."

हे अगदी खरं आहे. आपल्याकडे पाणी मागणाऱ्याला लोक एक वेळ थांबायला सांगतील, पण तंबाखू मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. उलट डबी उघडतात, चुना लावतात, मळतात, थापटून धूळ उडवतात आणि तयार चिमूट त्याच्या तळव्यावर ठेवतात. नोकरी होती तोवर दत्ताराम लिफ्ट दुरुस्त करायला अंधेरीपासून मुलुंडपर्यंत हिंडले आणि जातील तिथे त्यांना डबीवाला भेटला. त्यांनी फक्त हात पुढे केला.

मी शुभा सहस्रबुद्धे, दत्ताराम राहतात त्या दिंडोशीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झाले. लोक मला तापट म्हणतात. ज्यांना मेंटेनन्स वेळेवर भरता येत नाही तेच म्हणतात, तेव्हा मी मनावर घेत नाही.

गणपती उठले आणि दुसऱ्याच दिवशी दत्तारामांची बायको मालन माझ्या दारात उभी. डोळे रडून सुजलेले.

"शुभा, काय तरी कर गे," ती म्हणाली. "ह्यांच्या तोंडात पांढरो डाग इलोहा. तिखट लागला की डोळ्यांतून पाणी येता. डॉक्टर म्हणतत, तुकडो काढून तपासूक होयो, आणि लवकर. हे जाऊकच तयार नाय. म्हणतत, माका व्यसनच नाय तर तपासूचा काय?"

त्या आजाराचं नाव तिने घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मी चहा टाकला. मला दत्तारामांचा भयंकर राग आला आणि मालनची दया आली, आणि दोन्ही मिळून चहात साखर दोनदा पडली.

त्याच आठवड्यात शिवदासने पाटी लावली. शिवदासचं पानाचं दुकान सोसायटीच्या मालकीच्या गाळ्यात आहे. पाटीवर लिहिलं होतं, 'सणासुदीची झकास ऑफर! दोन पुड्यांवर एक फुकट.' आमच्या इमारतीतली सगळी डबीवाली मंडळी तीन-तीन पुड्या घेऊन आली, आणि फुकटातली तिसरी पुडी कुणाच्या तोंडात गेली हे सांगायला नको. दत्तारामांची तर दिवाळीच झाली.

मी तातडीने सभा बोलावली आणि ठराव स्वतः लिहिला. 'सोसायटीच्या आवारात तंबाखूजन्य पदार्थांवर कोणालाही, कोणाकडूनही, कोणत्याही स्वरूपात सूट देता येणार नाही.' मला म्हणायचं होतं शिवदासबद्दल. पण इतकी वर्षं बँकेची पत्रं लिहिल्यावर 'कोणालाही' लिहिलं की हात आपोआप 'कोणाकडूनही' लिहितो. ठराव एकमताने पास झाला, कारण खाली वडे आले होते.

दुसऱ्या दिवशी दत्तारामांनी नेहमीप्रमाणे घाटपांड्यांपुढे हात केला. घाटपांडे तंबाखू मळत होते. शेजारी आमचे चेअरमन मधुकरराव बसले होते. हे जन्मभर सरकारी कर खात्यात होते आणि अजून मनाने तिथेच आहेत.

"थांबा," मधुकरराव म्हणाले. "फुकट देताय?"

"मग काय, विकत देऊ?" घाटपांडे म्हणाले.

"फुकट म्हणजे शंभर टक्के सूट. ठरावाचा भंग होतोय."

घाटपांड्यांना वाटलं गंमत आहे. मधुकरराव गंमत करत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या सुबोधला खाली बोलावण्यात आलं. तो दिंडोशी कोर्टात वकिली करतो. त्याने ठराव तीनदा वाचला आणि माझ्याकडे आदराने बघितलं.

"शुभाताई, तुम्ही तर सगळी दारं बंद केलीत. 'कोणाकडूनही' म्हणजे माणूस आला, 'कोणत्याही स्वरूपात' म्हणजे चिमूटही आली. वरच्या कोर्टातसुद्धा टिकेल हे."

आपली चूक झाली आहे असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्यात उभी असलेली मालन दिसली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तोंड मिटून घेतलं.

"विचारपूर्वकच लिहिलंय," मी म्हणाले.

झालं. पुन्हा सभा. आता प्रश्न असा, की फुकट देता येत नाही तर चिमटीचा भाव काय? बी विंगमधल्या किरणचं सोन्याचांदीचं दुकान आहे. तो आपला नाजूक काटा घेऊन आला. पण चिमूट कुणाची धरायची? घाटपांड्यांची बोटं केळ्यांएवढी, वॉचमनची काड्यांसारखी. शेवटी असं ठरलं की सोसायटीची प्रमाण चिमूट चेअरमननी घ्यावी. मधुकररावांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, चिमूट उचलली, काट्यावर नेली आणि अशी सणसणीत शिंक दिली की प्रमाण चिमूट किरणच्या शर्टावर गेली. दुसऱ्यांदा नाकाला रुमाल बांधून घेण्यात आली.

मग चुना. तंबाखूबरोबर चुना फुकट देतात, म्हणजे ही ऑफरच नाही का, असं मधुकररावांनी विचारलं. सुबोध म्हणाला, चुना हा स्वतंत्र पदार्थ नाही, तो तंबाखूचा भाग आहे. घाटपांडे म्हणाले, मग साध्या पानालाही चुना लावतात, त्यात काय तंबाखू असते का? यावर तासभर भांडण चाललं. शिवदासला साक्षीला बोलावलं.

"साहेब, एवढी वर्षं मी लोकांना चुना फुकट लावला," तो हात जोडून म्हणाला. "आता पैसे घेऊन लावू?"

चुना आकारायचा असं ठरलं. तेवढ्यात वॉचमन पुढे आला. तो म्हणाला, माल झाला, चुना झाला, पण मळायची मेहनत? ती फुकट धरली तर तीही सूटच की! त्यामुळे मळणावळ हा नवा शब्द आमच्या इतिवृत्तात आला. दळणाची दळणावळ असते, तशी तंबाखूची मळणावळ. माझी हसून पुरेवाट झाली, पण मी मान खाली घालून लिहीत राहिले. जिन्यात मालन एकदाही हसली नाही.

गंमत तिथेच संपली. कारण भाव ठरला, पण तो घेणार कोण? ज्या माणसाने घाटपांड्यांच्या आईला अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढलं, त्याच्याकडून ते चिमटीचे पैसे घेणार? आणि फुकट द्यावी तर मधुकरराव गॅलरीत उभे. शेवटी दत्ताराम येताना दिसले की सगळे डब्या लपवू लागले. कुणाला अचानक फोन यायचा, कुणाला दूध आणायचं आठवायचं. इमारतीखालच्या बाकावर दत्ताराम एकटेच उरायचे.

ते वाकोल्याला चुलतभावाकडे जाऊन आले. पण आमचा ठराव त्यांच्या आधीच व्हॉट्सॅपवर वाकोल्याला पोचला होता. चुलतभावाने दारातच विचारलं, "मळणावळ आणलीस काय रे?" दत्ताराम पाणीही न पिता परत आले.

"तंबाखूचा काय नाय, शुभाताय," ते मला म्हणाले. "पण माझो हात कधी रिकामो परत येवक नाय होतो. माणसा अशी कशी झाली?"

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण त्यांचा ओठ मोकळा बघून बरंही वाटलं. तपासणीचं तेवढं मनावर घ्या, असं मी म्हणाले. ते बाक सोडून उठून गेले.

रविवारी सकाळी त्यांनी खाली उभं राहून मोठ्याने जाहीर केलं, "चला, सगळे चला! आज परब तंबाखू विकत घेतलो!"

मालन गॅलरीतून ओरडली, "शुभा, वाट लागली गे!" ज्या माणसाने जन्मात पुडी घेतली नव्हती, त्याला माझ्या ठरावाने गिऱ्हाईक करून सोडलं होतं. आम्ही दोघी चपला न घालता धावलो. पुढे दत्ताराम इस्त्रीच्या सदऱ्यात, मागे घाटपांडे, वॉचमन, सुबोध, आणि सगळ्यात मागे मधुकरराव, कारण सूट दिली जात नाही ना हे कुणीतरी बघायला हवं.

"शिवदासा, एक पुडी दी," दत्ताराम म्हणाले. "पुऱ्या भावान. आजपासून माका व्यसन!"

"कुठली देऊ?" शिवदासने विचारलं.

"कुठली म्हणजे?"

"पिवळी, हिरवी, लाल? कडक की साधी?"

दत्ताराम गोंधळले. त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना एकाही तंबाखूचं नाव माहीत नव्हतं. "सगळे खातत ती दी," ते शेवटी म्हणाले.

शिवदासने एक पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि उलटीसुलटी करून पाहिली. पुडीवर एका माणसाच्या तोंडाचा फोटो होता. ओठ खाल्ल्यासारखा, गाल फुटलेला, आत लाल आणि पांढरं.

"हो कोण?" दत्तारामांनी विचारलं.

शिवदास पानं पुसायला लागला.

"हेका काय झाला?"

"काका, ते सगळ्या पुड्यांवर असतं," शिवदास म्हणाला.

"सगळ्या?"

"सगळ्या."

ते हळूच घाटपांड्यांकडे वळले. "तुमच्या पुडीवर पण होतो हो?"

घाटपांड्यांनी मान डोलावली. ते घरी गेल्या गेल्या पुडी डबीत ओततात आणि कागद कचऱ्यात टाकतात. सगळेच तसं करतात.

"मगे माका एकदा तरी दाखवायचात ना," दत्ताराम म्हणाले.

"आम्ही मळून देत होतो, परब," घाटपांडे म्हणाले.

शिवदासच्या दुकानात गिऱ्हाइकांना ओठ बघायला आरसा टांगलेला असतो. दत्ताराम त्याच्यापुढे गेले. बोटाने खालचा ओठ ओढून त्यांनी आत पाहिलं, मग पुडीकडे पाहिलं, मग पुन्हा आरशात. रस्त्यावर रिक्षांची कटकट चालू होती. मालन त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मालन," ते आरशातूनच म्हणाले, "हॉस्पिटलात फोन लाव."

तिने हॉस्पिटलचा नंबर काढून फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि लावला. पलीकडून एका मुलीने पेशंटचं नाव विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, "तंबाखू खातात का?"

मी दत्तारामांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"खातंय," ते म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून खातंय, बाय. कधी येव?"