सहाशे किलोंच्या अस्वलासाठी काडतूस

हेमचंद्र देवस्थळ्यांनी उभ्या आयुष्यात साधं झुरळसुद्धा स्वतः मारलं नव्हतं. ते खातं रेखाताईंचं. त्यामुळे जानेवारीतल्या एका संध्याकाळी, जेवता जेवता, "कोडियाकच्या अस्वलाला कुठलं काडतूस लागतं ते बघायला हवं," असं ते म्हणाले, तेव्हा रेखाताईंनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताप नव्हता. अंतराचा फोन आला होता.

अंतरा ही त्यांची एकुलती एक मुलगी. अमेरिकेत, बेलव्ह्यूत जन्मली, तिथेच शिकली आणि एक दिवस उठून अलास्काच्या कोडियाक बेटावर जाऊन राहिली. तिथल्या सरकारसाठी ती नदीतले सामन मासे मोजते. कोणी विचारलं की हेमचंद्र "फिशरीज सायंटिस्ट आहे" म्हणून सांगत, आणि रेखाताई शेजारूनच "मासे मोजते" असा खुलासा करत. पोरगी शिकारही करायची. वर्षाचं मांस ती स्वतःच्या फ्रीजरमध्ये स्वतःच भरायची. यंदा तिला लॉटरीत मोठ्या तपकिरी अस्वलाचा परवाना लागला होता, आणि नेमकी तिची नेहमीची जोडीदारीण बाळंतपणाला टेकली होती. जखमी अस्वल उलटलंच, तर शेजारी दुसरी बंदूक घेऊन उभं राहणारं कोणीतरी हवं होतं.

"मी येतो," हेमचंद्र फोनवर म्हणाले होते. त्यांना स्वतःलाच ते ऐकून धक्का बसला होता.

मग अंतरा म्हणाली, "बाबा, मार्चमध्ये मी घरी येतेय. आपण रेंजवर जाऊ. तुझं शूटिंग बघते. देन आय'ल डिसाइड."

त्या 'डिसाइड'वर आता सगळं अडलं होतं. हेमचंद्र पुलांचे इंजिनियर. अंतराचं सगळं लहानपण त्यांनी नदीच्या पात्रात खांब उभे करण्यात घालवलं. आता रिटायर होऊन वेळच वेळ होता, पण फोन उचलला की मुलगी म्हणायची, "हाय बाबा. आई आहे?" तंबूत आई नसणार. दहा दिवस नुसते बाप-लेक, आणि फोन द्यायला तिसरं माणूस नाही. हे त्यांना इतकं हवं होतं, की रेखाताईंपाशीसुद्धा बोलून दाखवायची लाज वाटत होती.

तेव्हा मुलीवर छाप पाडायची तर काडतूस तसंच जबरदस्त निवडायला हवं.

आपल्याकडे मिक्सर घ्यायचा म्हटला तरी दहा घरी चौकशी होते; मग हे तर अस्वल. शनिवारच्या रमीच्या अड्ड्यावर विषय निघाला आणि पत्ते बाजूलाच पडले. जमलेल्यांपैकी एकाही माणसाने दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही उडवलं नव्हतं, पण मत नाही असा एकही नव्हता.

"हे बघ हेमचंद्र," चारुदत्त म्हणाले. ते जन्मभर भूल देणारे डॉक्टर. "डोस नेहमी वजनावर काढतात. तुझं अस्वल किती किलोंचं?"

"मोठा नर असला तर सहाशे."

"मग कमी डोस देऊन चालणार नाही. पेशंट अर्धवट जागा राहिला तर फार वाईट."

"पण शाकाहारी माणसाने अस्वल मारलं तर त्याला प्रायश्चित्त काय असतं?" चारुदत्तांच्या पद्मिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तो मारणार नाहीये, तो स्टँडबाय आहे," चारुदत्तांनी निकाल दिला.

अंतरा स्वतः 'थर्टी ऑट सिक्स' वापरते, हे हेमचंद्रांना ठाऊक होतं. शंभरेक वर्षांपूर्वीचं हे काडतूस. जड गोळी घातली तर अस्वलालाही पुरतं, असं ती म्हणाली होती. 'पुरतं' हा शब्द हेमचंद्रांना मुळीच पसंत नव्हता. हरणाला जे काडतूस, तेच अस्वलाला? पुलावरून आज सायकली जातात म्हणून कोणी सायकलीपुरता पूल बांधत नाही. लागते त्याच्या दुप्पट ताकद धरायची, मग निर्धास्त झोपायचं, याच हिशेबावर त्यांची सगळी नोकरी पार पडली होती. त्यांच्या लहानपणी शाळेचा गणवेशही वाढत्या अंगाचा म्हणून ढगळच शिवायचे, आणि त्यात त्यांचं काही वाईट झालं नव्हतं. तेव्हा बरीच तुलना करून त्यांनी 'थ्री सेव्हन्टी फाइव्ह मॅग्नम' निवडलं. आफ्रिकेत रानरेड्यांवर चालतं म्हणे. काडतूस चांगलं बोटभर लांब. टेबलावर उभं करून ठेवलं, तेव्हा रेखाताई म्हणाल्या, "अहो, हे अस्वलासाठी आहे की अस्वलाच्या घरासाठी?"

मग त्या काडतुसाची रायफल विकत घेऊन दर गुरुवारी हेमचंद्र डोंगराकडच्या नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागले. पहिल्या गोळीला बंदुकीच्या धक्क्याने चष्मा कपाळावर गेला. दुसरीला खांदा कळवळला. तिसरी झाडायच्या आधी गाडीत काहीतरी विसरल्याची आठवण झाली आणि ते बराच वेळ गाडीतच बसून राहिले. पण माघार घेतील तर ते देवस्थळी कसले. खांद्याला वांग्याच्या भरताचा रंग चढला. त्यावर मलम चोळून ते पूर्ण बाह्यांचा बनियन घालून वावरू लागले. गोळ्या निशाणाच्या खाली, डावीकडे, मातीत, कुठेही जात होत्या. सवय झाली की जमेल, असं ते स्वतःला बजावत होते.

मार्चमध्ये अंतरा आली. दुसऱ्याच दिवशी बाप-लेक रेंजवर गेले. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत होता. तिने बापाची रायफल उचलून पाहिली, वजनाने भुवया वर केल्या, पण बोलली काहीच नाही. रायफल टेबलावर निशाणाकडे तोंड करून ठेवली आणि म्हणाली, "भरून मी देते. तू फक्त मार."

पहिली गोळी मातीत. दुसरी आणखी खालच्या मातीत. तिसऱ्या वेळी हेमचंद्रांनी चाप ओढला आणि नुसतं 'कट्' झालं. बार उडालाच नाही. तरीही नळीने खाली गोता खाल्ला. हेमचंद्रांचे डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले, मान खांद्यांत गेलेली.

"काडतूस खराब दिसतंय," ते डोळे उघडून म्हणाले.

अंतराने रायफलचा बोल्ट मागे ओढून लाल प्लॅस्टिकचं खोटं काडतूस बाहेर काढलं. "खराब नाही, मीच घातलं. बाबा, तू गोळी सुटायच्या आधीच घाबरतोस. बेअरला नाही, तुझ्या गनला."

"छे. जरा सवय व्हायची आहे, इतकंच."

तिने त्यांच्या शर्टाची कॉलर बाजूला ओढली. खांद्यावरचं वांग्याचं भरत पाहिलं. कॉलर परत नीट केली आणि सोबत आणलेली स्वतःची थर्टी ऑट सिक्स रायफल पुढे ठेवली. हेमचंद्रांनी नाक मुरडत ती हातात घेतली. तीन गोळ्या मारल्या. तिन्ही निशाणावर, पोळीएवढ्या जागेत. त्यांना आनंद झाला आणि रागही आला.

"पण ताकद किती कमी आहे हिची," ते कुरकुरले.

"बेअरला लागलीच नाही, त्या बुलेटची ताकद झीरो असते."

हेमचंद्रांनी कानांवरचा आवाज अडवणारा मफ काढला आणि लहान मुलासारखं विचारलं, "मग, मी येऊ का?"

"आय डोन्ट नो," अंतरा म्हणाली. "शूटिंग जमेल तुला. पण इतकं दुखत होतं आणि तू बोलला नाहीस. तिथे माझ्या शेजारी कोणी उगाच 'आय'म फाइन' म्हणत असेल ना, तर मला बेअरपेक्षा त्याची भीती."

हेमचंद्रांना कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मग वातावरण जरा निवळावं म्हणून अंतरा म्हणाली, "चल, तुझी तोफ मी एकदा मारून बघते."

"भरून मी देतो," हेमचंद्र म्हणाले. अपमान ताजा होता. त्यांनी तिच्याकडे पाठ करून टेबलावरचं लाल काडतूस उचललं आणि आत सरकवलं. हसू तयार ठेवलं.

'कट्'. नळीने सरळ गोता खाल्ला. अंतराचे डोळे मिटलेले, दात आवळलेले.

हसू काही बाहेर आलं नाही. ही मुलगी घाबरते, हे हेमचंद्रांना ठाऊकच नव्हतं. तिचा तो चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"ओके. फेअर," ती म्हणाली आणि बाकावर बसली. मग तिने सांगितलं, की पहिल्या वर्षी तिनेही अशीच मोठी मॅग्नम घेतली होती. घ्यायचं तर मोठंच घ्यावं म्हणून. सप्टेंबरमध्ये नदीवर एक अस्वल अगदी जवळ आलं, तिने बंदूक उचलली, डोळे मिटले आणि गोळी आभाळात गेली. अस्वल आपण होऊन निघून गेलं. बंदूक तिने विकून टाकली.

"आईला माहीत आहे?"

"नो. ती झोपणार नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणतोस, घाबरायचं काय त्यात. ऑल्वेज. मी सायकलवरून पडले तेव्हा पण."

हेमचंद्रांना स्वतःची बाजू मांडता आली असती. मुलीने धीट व्हावं म्हणूनच म्हणायचो, वगैरे. ते तिच्या शेजारी बसले.

"मला या बंदुकीची फार भीती वाटते, अंतरा," ते म्हणाले. "दर बुधवारी रात्री वाटतं, उद्या रेंज बंद असली तर बरं. अस्वलाची तर वाटतेच. पण तू मला नेणार नाहीस, याची सगळ्यात जास्त वाटते."

"मग ये," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरी थर्टी ऑट सिक्स आहे. पण तिथे रोज सकाळी सांगायचं, काय दुखतंय, कशाची भीती वाटतेय. दोघांनीही."

"तूसुद्धा?"

"मी पण."

"मग आत्ताच सुरू कर. ते अस्वल किती जवळ आलं होतं?"

तिने सांगायला घेतलं. आधी मराठीत, मग शब्द सापडेनात म्हणून इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत. त्याचा वास आला होता, असं सांगताना तिने बापाची बाही घट्ट धरली. "अगं, घाबरायचं काय" हेमचंद्रांच्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि विचारलं, "मग?"