वाकड्या खिळ्याचं साल

मित्रांनो, मी लोखंडाचा एक जुना खिळा आहे. लांबीला वीतभर, डोक्याला चपटा आणि मानेत वाकडा. नोर्तिया देवीच्या देवळातली उजवीकडची भिंत हे माझं घर. माझ्या आजूबाजूला असे शेकडो खिळे आहेत. आमच्यावर कोणी काही टांगत नाही. आमच्यातला एकेक खिळा म्हणजे गावाचं एकेक वर्ष.

नवल वाटलं ना? मलाही वाटलं होतं. भट्टीतून निघालो तेव्हा वाटलं, आपण एखाद्या होडीत बसू, नाहीतर दारात. पण लोहाराने मला पाण्यात चरचरवलं आणि बाजूला ठेवत म्हणाला, "हा देवीचा. याला गिऱ्हाईक नाही."

आमच्याकडे वर्षांना आकडे लावत नाहीत. रोम शहरात दर साली दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, नेमले जातात, आणि त्या दोघांच्या नावाने ते साल ओळखलं जातं. "आमच्या थोरल्याचं लग्न वेरानियस आणि ओफिलियसच्या साली झालं," असं बाया सहज बोलून जातात. द्राक्षाच्या मद्याच्या रांजणावरसुद्धा सालाची म्हणून ही दोन नावंच. पण त्याला किती वर्षं झाली, हे नुसत्या नावांवरून कसं कळणार? त्यासाठी चौकातल्या कॉन्सलांच्या यादीसमोर उभं राहून, बोट ठेवून ओळी मोजाव्या लागतात.

देवीच्या दारी मात्र नावाचं काम नसतं. द्राक्षं उतरवायच्या आधी, ठरलेल्या दिवशी, गावाचा न्यायाधिकारी येतो आणि एक खिळा ठोकतो. एक साल, एक खिळा.

माझ्या दिवशी हातोडा उचलला गेला, आणि पायऱ्यांवर कोणीतरी कळवळलं. दिव्यासाठी तेलाचा बुधला घेऊन आलेली अर्रुन्तियाबाईंची दासी तिथेच बाळंत झाली. थोड्या वेळाने हातोडा पुन्हा उचलला, तोच नुकत्याच जन्मलेल्या पोरीने असा टाहो फोडला की न्यायाधिकाऱ्याचा हात सटकला आणि माझी मान वाकली. लोक कुजबुजू लागले, अपशकुन झाला. देवळाची झाडलोट करणारी लार्तिया तेव्हा तरुण होती. ती म्हणाली, "अपशकुन कसला? देवीने साल आणि लेकरू एकदमच पदरात घेतलं." त्या लेकराचं नाव थालुसा.

त्याच हिवाळ्यात त्या सालच्या दोन्ही कॉन्सलांवर सम्राटाची गैरमर्जी झाली. हुकूम सुटला, त्यांची नावं पुसा. चौकातल्या यादीत त्यांची ओळ खरवडून काढली. ती नावं मी तुम्हाला सांगणार नाही. न उच्चारायची मलाही सवय लागली आहे. वेरानियस आणि ओफिलियसच्या पुढचं साल, एवढंच ध्यानात ठेवा.

पुढे एका नव्या न्यायाधिकाऱ्याला मी खुपू लागलो. "हा वाकडा उपटा. सरळ बसवा एखादा."

लार्तिया आडवी उभी राहिली. "महाराज, साल वाकडं गेलं म्हणून ते उपटायचं?"

मी वाचलो. लार्तियाचं एक व्रत होतं. सकाळी आंघोळ करून ती पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत प्रत्येकाला तेलाचं बोट लावायची, मोजत मोजत. ते झाल्याशिवाय तोंडात घास नाही. जवाची पोळी खाईपर्यंत दुपार व्हायची. माझ्या मोडक्या मानेवर ती दोनदा बोट फिरवायची.

मग गेल्या शरदातली गोष्ट. खिळा ठोकून आठवडा झाला होता. अर्रुन्तियाबाई आता म्हाताऱ्या, दुखणाईत. त्यांनी थालुसाला दास्यातून मोकळं करायचं ठरवलं. थालुसाला आठवा महिना होता. कायदा असा की मोकळी होताना दासीची तिशी पुरी झालेली असेल तरच ती नागरिक होते, आणि मग तिचं लेकरू जन्मतःच नागरिक. तिशी पुरी नसेल तर अर्धवट मोकळीक. आईलाही अर्धवट, बाळालाही.

पण चौकात भलतंच झालं. जुनी यादी मोडकळीला आली म्हणून स्कायवा कारकुनाने ती संगमरवरावर नव्याने कोरून घेतली होती. वेरानियसच्या पुढची ओळ थालुसाच्या जन्माची धरून त्याने तिथून पुढे बोट सरकवलं आणि मान हलवली.

"एकोणतीस. पुढच्या साली या, बाईसाहेब."

"पुढच्या सालापर्यंत मी राहते की काय?" अर्रुन्तियाबाई पालखीतून कडाडल्या. "अरे, मध्ये एक साल होतं!"

स्कायवा पांढराफटक पडला. "हळू बोला! त्या सालाला नाव नाही. खरवडलेली ओळ दगडात कशी कोरायची? आणि संगमरवर काय रिकामा सोडायला आणला होता?"

थालुसाला रडू आवरेना. ती तशीच देवळात आली आणि माझ्याखाली बसली. लार्तियाने सगळं ऐकून घेतलं, पदराने हात पुसले आणि काठी टेकत चौकात गेली. न्यायाधिकारी रुफ्रियस तिथेच होता.

"महाराज, चार पावलं देवळात चला."

"आजी, ती नावं घेणार असशील तर मी येत नाही," तो म्हणाला.

"नावं कोण घेतंय? खिळे मोजा. खिळ्याला कुठे नाव असतं?"

तो आला. ही पोर माझ्याच दिवशी जन्मली, हे गावातल्या चार म्हाताऱ्यांनी देवीसमोर शपथेवर सांगितलं. मग रुफ्रियसने माझ्या मानेवर बोट ठेवलं आणि पुढचे खिळे मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

"तीस," तो म्हणाला. "बरोबर तीस."

"कारकुनाचं स्वतःचं वयही एका सालाने लपलं असेल हो," लार्तिया पुटपुटली. "लग्नाला बरंच आहे त्याच्या!" स्कायवासुद्धा हसला.

रुफ्रियसने मुक्तीच्या रीतीप्रमाणे छडीने थालुसाला स्पर्श केला, अर्रुन्तियाबाईंनी तिचा हात धरून सोडून दिला, आणि ती मोकळी झाली. महिन्याने तिला मुलगी झाली, पुरती नागरिक.

आता लार्तियाची दृष्टी गेली आहे. तेलाचं बोट थालुसा लावते, पाठीवर पोर बांधून. आणि लार्तिया खाली बसून आकडे म्हणते.

मित्रांनो, कुणाचं नाव नकोसं झालं, तर पुसा हवं तर. पण त्याची जागा बुजवू नका. त्या जागेत दुसरंच कोणीतरी जन्मलेलं असतं. आणि जमलं तर आमच्यासारख्या गंजणाऱ्यांना अधूनमधून तेलाचं बोट लावा.

चौकातल्या संगमरवरात आता ओळ घुसवायला जागा नाही. म्हणून स्कायवाने कडेला, दोन ओळींच्या मध्ये, छिन्नीने एक बारीक उभी रेघ कोरून घेतली. नाव नाही, काही नाही. परगावचे लोक विचारतात, ही रेघ कसली? पाथरवटाचा हात जरा हलला असावा. रेघ मानेत वाकडी आली आहे.