हुकूम वाचून दाखवणारा

खिडकीच्या कडीला जाईचा पोहण्याचा चष्मा टांगलेला, पट्ट्यातून पाणी अजून ठिबकतंय, आणि खाली फरशीवर साचलेलं ते इवलंसं तळं पुसावं की नाही याचा रेव्हरंड निशिकांत साळवे बराच वेळ विचार करत बसले... म्हणजे दुसऱ्या एका गोष्टीचा विचार करायचा नव्हता म्हणून. ती गोष्ट त्यांची मुलगी अश्लेषा सकाळी ऑफिसला निघता निघता दारातच बोलली होती. "बाबा, जाईला तुम्हीच सांगा. मी सांगितलं की भांडते. तुमचं ऐकून घेते."

सांगायचं एवढंच, की अश्लेषाचा इथे राहून नोकरी करायचा पास या वेळी वाढवून मिळाला नाही, आणि जाई आईच्याच पासावर इथे होती. यिशुनचा हा फ्लॅट, हा देशच सोडून महिनाअखेर पुण्याला जायचं. जाई जन्मली इथे. पुणं म्हणजे तिच्या लेखी सुट्टीतलं मावशीचं घर. गेल्याच आठवड्यात तिला शाळेच्या पोहण्याच्या टीममध्ये घेतलं होतं.

टेबलावर त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं होती. साहेबाच्या राज्यात गोदीसाठी माडबेटावरचं ख्रिस्ती कोळ्यांचं अख्खं गाव हुसकावून लावलं, त्याचा इतिहास. गावाला त्यांच्या ख्रिस्ती देवळात बोलावलं आणि गाव सोडण्याचा हुकूम त्यांच्याच पाळकाकडून, त्यांच्या धर्मगुरूकडून, वाचून घेतला. रेव्हरंडांनी पहिल्या आवृत्तीत लिहिलं होतं – पाळक केवळ निरोप्या होता. त्याच्या सौम्य वाणीमुळे रक्तपात टळला. हे वाक्य लोकांना आवडलं होतं. संयमी, समतोल. त्यांना स्वतःलाही आवडलं होतं, का आवडू नये? चाळीस वर्षं तेही घरोघरी वाईट बातम्या घेऊन गेले, आणि दार उघडणाऱ्याला त्यांचा चेहरा बघून आधी बरंच वाटायचं.

आधी तिला खायला द्यावं. मग पोहण्याचं विचारावं. मग म्हणावं, पुण्यातही तलाव आहेत... नाही, हे लगेच नको, थोडं थांबून. मावशीचं नाव आधी यावं. मी हे चांगलं करतो, फार चांगलं करतो – आणि या विचाराची त्यांना जरा मौज वाटली, आणि मग वाटेनाशी झाली. कारण साहेबाने गावाला कचेरीत का नाही बोलावलं? कचेरीत माणसं कोयते घेऊन आली असती, दाराशी उभी राहिली असती. देवळात ती बसली. बायकांनी डोक्यावर पदर घेतले, पोरं मांडीवर घेतली. ओळखीच्या आवाजापुढे माणूस आधी बसतो. साहेबाला ते बरोबर ठाऊक होतं. चाळीस वर्षं पाळक असून आपल्याला कसं सुचलं नाही, याचा त्यांना राग आला. पण तोही जुन्या सवयीने, बेताचाच.

कुलूप वाजलं.

"आजोबा, सो हंग्री, लाह." इथल्या पोरांच्या बोलीत म्हणत जाई आत आली. बूट दारात, दप्तर पाठीवर.

"जाई, जरा बस इथे."

ती बसली. का म्हणून विचारलं नाही. आईने म्हटलं असतं तर दप्तर न काढता उभ्या उभ्याच, आता काय, असं तोंड केलं असतं. त्यांच्यापुढे तिने दप्तर मांडीवर घेतलं, हात त्यावर ठेवले आणि चेहरा वर केला. खायचंही विसरली.

"सांग ना."

हिने उठावं, असं त्यांना वाटलं. ओरडावं, दार आपटून निघून जावं, आपला एक शब्दही ऐकू नये. इतकी कळकळीची प्रार्थना त्यांनी कित्येक वर्षांत केली नव्हती. आवाज मात्र नेहमीसारखाच सौम्य लागला.