तिसरं वळण, उजवी बाजू

लोकांचं मत म्हणजे काय चीज असते, ते मला विचारा. ‘बारा नंबरची खाण’ ही नवी राइड सुरू झाली त्या शनिवारी सकाळी दहापासून मी बाहेर पडायच्या दाराशी हातात टॅबलेट घेऊन उभी होते, आणि दुपारी तीनपर्यंत दीडेकशे मतं माझ्या डोक्यावर आदळली होती. एका बाईला राइड फार आवडली, पण स्टॉलवरची बर्च बिअर कोमट निघाली म्हणून तिनं राइडला दोन स्टार दिले. एक कॉलेजची मुलगी माझ्या बुटांवर ओकली, तोंड पुसलं, पाच स्टार दिले आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. ‘४१२ रोलर कोस्टर पूर्ण’ असं टी-शर्टवर छापून आलेला एक बाप्या मला समजावत होता की दुसऱ्या उतारावर माणूस सीटवरून उचलला जायला हवा तसा उचलला जात नाही. अरे बाबा, आधी स्वतःचं पोट बघ ना! म्हटलं, अर्थात मनातच.

मी वेर्ना हुडाक. याच पार्कातल्या जुन्या लाकडी कोस्टरवर मी बावीस वर्षं सुतार होते. रोज सकाळी हातोडी घेऊन रुळांवरून चालायचं, ठोकत ठोकत, कान देऊन. मग गुडघा गेला आणि साहेबांनी मला मतं गोळा करायला बसवलं. बसवलं कसलं, उभंच केलं.

नवीन राइडही लाकडाचीच, पण नाटक खाणीचं. रांगेतच सगळ्यांना दिवा लावलेलं प्लॅस्टिकचं हेल्मेट मिळतं. गाडी बोगद्यात शिरली की अंधार होतो, स्पीकरमधून टेकू मोडल्याचा कडाड् असा आवाज येतो आणि कुणीतरी ओरडतं, “पळा! छत येतंय!” आमच्या खोऱ्यात असं एक घर नाही, ज्यातलं कुणी खाणीत गेलेलं नाही. माझे वडील कोळशाच्या धुळीनं खोकून खोकून गेले. त्या मरणाची जत्रा केलेली मला मुळीच आवडली नव्हती. पण या राइडचा सुपरवायझर म्हणजे माझा मुलगा, गॅरेट. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच एवढी जबाबदारी मिळालेली. आपलेच दात आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

माझ्या टॅबलेटवर एक प्रश्न होता, ‘सर्वांत जास्त काय आवडलं?’ सकाळभर लोक सांगत होते, बोगदा. जेवणाच्या वेळेपासून काही जण वेगळंच सांगायला लागले. “तो वळणावरचा आवाज! काय डोकं लावलंय!” मी ‘ध्वनियोजना : उत्तम’ या चौकोनात खूण करत गेले. बोटं चालत होती, डोकं चालत नव्हतं.

तीनच्या सुमाराला एमिल वास्को बाहेर आले. वय त्र्याऐंशी, हातात काठी, नातीनं हट्टानं बसवलेले. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, “किती स्टार देणार, सर?”

“स्टार राहू देत,” ते म्हणाले. “तू जो मिहालिकची पोरगी ना?”

“हो, एमिलकाका.”

“मग तुला कळेल. तुमचं लाकूड बोलतंय.”

मला हसू आलं. खाणीतली जुनी माणसं असंच म्हणायची. छत खाली येण्याआधी टेकूचं लाकूड बोलतं, आणि लाकूड बोललं की माणसानं बोलत बसायचं नसतं. मी म्हटलं, “काका, तो स्पीकर आहे. बोगद्यात लावलाय.”

“बोगद्यातलं ऐकलं मी. ते नाटक आहे, माझ्या मांजरालाही कळेल.” त्यांनी काठी वर करून तिसऱ्या वळणाकडे रोखली. “मी तिथलं म्हणतोय. उजवी बाजू. चाळीस वर्षं त्या आवाजावर पळालोय मी, पोरी. म्हणून अजून जिवंत आहे.”

नात त्यांना ओढत पिरोगी खायला स्टॉलकडे घेऊन गेली. मी तिथंच उभी. तिसऱ्या वळणावर स्पीकर नाही. फेब्रुवारीत गॅरेटनं वायरिंगचा नकाशा माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला होता, माझं सूप बाजूला सारून. स्पीकर दोनच ठिकाणी, फलाटावर आणि बोगद्यात.

मी टॅबलेटवर मागे मागे जात सगळी मतं वाचली. अकरा होती. पहिलं बारा चाळीसचं : ‘तिसऱ्या वळणावरची टक् टक् मस्त.’ दीडचं : ‘लाकूड तडकल्याचा आवाज अगदी खरा वाटतो!’ सव्वादोनचं : ‘सीट एकदम खाली बसतं, पोटात गोळा आला, भारी!’ आणि तीनला पाच कमी असतानाचं : ‘सीट वीतभर खाली गेलं! मागच्या डब्यात उजवीकडे बसा!!’ सीटचा रकाना पाहिला, अकराच्या अकरा मागच्या डब्यातली, उजवीकडची. अकराच्या अकरांनी पाच स्टार दिलेले.

कपाळ माझं! माणसं मरण जवळ येतंय ते मला तासातासानं कळवत होती आणि मी त्यावर ‘उत्तम’ म्हणून खूण करत होते.

फलाटाच्या बावीस पायऱ्या चढताना गुडघ्यानं जीव घेतला. वर टीव्हीवाले होते, आणि पार्कचे मॅनेजर प्रेस्कॉट, टाय लावून आणि डोक्यावर ते प्लॅस्टिकचं हेल्मेट घालून हसत उभे होते. गॅरेट बटणांच्या टेबलापाशी होता.

“गाडी थांबव,” मी म्हटलं.

“आई, आत्ता नको.”

“तिसऱ्या वळणावर लाकूड गेलंय. अकरा जणांनी सांगितलंय. हे वाच.”

त्यानं वाचलं नाही. कॅमेऱ्याकडे बघत, ओठ न हलवता म्हणाला, “लाकडाची राइड आहे. कुरकुरणारच. तूच शिकवलंस ना?”

“कुरकुरणं वेगळं, तडकणं वेगळं. सकाळी चाललास ना रुळावरून? हातोडी घेऊन?”

“चाललो.”

“तिसऱ्या वळणावर काय ऐकलंस?”

“काही नाही. सगळं ठीक होतं.”

फार पटकन बोलला. पण मला तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. प्रेस्कॉट जवळ आले. “काय वेर्ना, लोक खूश आहेत ना? पाच स्टार?”

“हो! मरायला पाच स्टार देतायत! एमिलकाकांनी तिसऱ्या वळणावर लाकूड तडकताना ऐकलंय!” मी ओरडले.

त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. “एका म्हाताऱ्याला आवाज आला म्हणून आज राइड बंद करायची? आज? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नका. आठला पार्क बंद झाल्यावर बघू.”

आठपर्यंत शंभराच्या वर फेऱ्या. दर फेरीला चोवीस माणसं. माझ्या डोक्यात वाफ भरली. गाडी येऊन थांबली तशी मी सरळ मागच्या डब्यात, उजवीकडच्या सीटवर जाऊन बसले. फलाटावर पट्टे तपासणाऱ्या डीनाला वाटलं, स्टाफची चाचणी असेल. तिनं पट्टा ओढून पाहिला आणि अंगठा वर केला.

साखळीनं वर नेलं. पहिला उतार, दुसरा उतार. बोगद्यात तो स्पीकर ओरडला, “पळा! छत येतंय!” आणि पुढची पोरं किंचाळली. मी दोन्ही हातांनी सीटच्या कडा घट्ट धरल्या आणि तळव्यांनी ऐकायला लागले. तिसरं वळण आलं. आवाज कानांनी नाही, माकडहाडातून आला. कडाड्! उजवी बाजू खाली गेली, खरंच वीतभर, आणि एक चाक काहीतरी खरवडत पुढे सरकलं. बावीस वर्षांत असं लाकूड मी ऐकलं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. पुढच्या डब्यातून कुणीतरी ओरडलं, “वा!”

गाडी फलाटावर आली. मांडीवरचे दांडे उघडले, लोक उतरले, नवीन लोक बसले. मी उतरले नाही. पट्टाही लावला नाही.

आमच्याकडे नियम साधा आहे. चोवीसच्या चोवीस पट्टे ओढून पाहिल्याशिवाय डीना अंगठा वर करत नाही, आणि तिचा अंगठा वर झाल्याशिवाय गॅरेटनं हिरवं बटण दाबायचं नाही. एक पट्टा सुटा असला तरी गाडी जागची हलत नाही.

“वेर्ना, पट्टा,” डीना म्हणाली.

“नाही लावत.”

“मग उतरा ना, प्लीज.”

“उतरतही नाही.”

माझ्या शेजारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी येऊन बसली होती, पुढचे दोन दात पडलेले, हेल्मेट नाकापर्यंत आलेलं. तिचा बाप पुढच्या सीटवर. ती मला निरखून म्हणाली, “आजी, तुम्ही नाटकातल्या आहात?”

“नाही गं बाळा.” मी उभी राहून ओरडले, “ऐका सगळ्यांनी! उतरा! रूळ तुटलाय! ही गाडी जायची नाही!”

काय व्हावं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांगेतले शे-दीडशे लोक हेल्मेटचे दिवे हलवत एका सुरात ओरडायला लागले, “पळा! छत येतंय! पळा! छत येतंय!” कुणीतरी म्हणालं, “म्हातारीनं काय झकास काम केलंय!” टीव्हीवाल्यानं कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी रडकुंडीला येऊन ओरडत होते आणि जितकी ओरडत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. एक जण खाली उतरेल तर शपथ.

प्रेस्कॉटनी वॉकीटॉकीवर दोन सिक्युरिटीवाले बोलावले. गॅरेट माझ्याजवळ आला आणि वाकला. चेहरा लाल झालेला.

“आई, उतर. हात जोडतो. माझी नोकरी आहे ही. सगळ्यांसमोर माझी अब्रू घालवतेयस.”

मला त्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. लहानपणी शाळेत मी सुतारकामाच्या कपड्यांत गेले की असाच लाल व्हायचा. पण मी म्हटलं, “उतरते. एकाच अटीवर. या पोरीचा पट्टा तू लाव. डीनानं नाही, तू. मग स्वतः अंगठा वर कर. मी लगेच उतरते, सिक्युरिटीची गरज नाही.”

त्यानं मुलीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघून हसली, त्या दात पडलेल्या तोंडानं. त्यानं पट्टा हातात घेतला. बकल लावायला पुढे केलं आणि हात तिथंच थांबला. मी त्याच्या कानशिलावरची शीर उडताना बघत होते. रांग ओरडतच होती.

त्यानं पट्टा खाली ठेवला. ताठ उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले. ती आमची खूण, राइड बंद. डीनानं लगेच सगळे दांडे उघडले.

“गॅरेट!” प्रेस्कॉट ओरडले.

“बंद,” तो म्हणाला. “सगळ्यांना उतरवा. हे नाटक नाही.” आणि हातोडी घेऊन एकटाच रुळावर चढला.

चाळीस मिनिटं मी फलाटावरच्या बाकावर बसून होते. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. रुळाखालच्या तुळईला उभी चीर गेली होती, हाताचा पंजा आत जाईल एवढी. दोन बोल्ट तुटलेले. “अजून दहा फेऱ्या टिकली असती,” तो म्हणाला. मग हातोडी खाली ठेवून म्हणाला, “किंवा दोन.”

साडेपाचला सरकारी तपासणीस आली, करड्या केसांची, शांत बाई. वर जाऊन तुळई बघून आली, मग ऑफिसात बसून तिनं सकाळच्या तपासणीचा कागद मागितला. तिसऱ्या वळणापुढे खूण होती आणि खाली गॅरेटची सही.

प्रेस्कॉटनी घसा साफ केला. “सकाळी ठीकच असणार. दुपारच्या उन्हानं लाकूड फाकलं. नवीन लाकूड आहे, असं होतं. यात कुणाचाच दोष नाही. हो ना, गॅरेट?”

पळवाट समोर उघडून ठेवलेली. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

बाईनं पेन हातात घेतलं. “मिस्टर हुडाक, सकाळी तुम्ही स्वतः तिसऱ्या वळणापर्यंत गेला होतात?”

दिवसभर खरं खरं म्हणून घसा फोडणारी मी. आणि त्या क्षणी मनात एकच, हो म्हण रे बाळा. खोटं बोल. एकदाच बोल. कोण बघतंय? आईचं काळीज असलं बेशरम असतं, सांगून ठेवते.

गॅरेटनं माझ्याकडे पाहिलं नाही. “नाही,” तो म्हणाला. “टीव्हीवाले लवकर आले. मी दुसऱ्या वळणावरून परत फिरलो आणि खूण करून टाकली.”

प्रेस्कॉट खिडकीकडे वळले. बाईनं सगळं शब्दन् शब्द लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून, जरा मऊ आवाजात तिनं विचारलं, “आणि मिसेस हुडाक, तुम्हाला हे पहिल्यांदा कधी कळलं? तीनला ना, त्या आजोबांनी सांगितलं तेव्हा?”

गॅरेट आता माझ्याकडे बघत होता. मी टॅबलेट टेबलावर ठेवला आणि तिच्यासमोर सरकवला.

“बारा चाळीसला,” मी म्हटलं. “पहिल्या माणसानं बारा चाळीसला सांगितलं होतं. मी ‘उत्तम’ म्हणून खूण केली.”

तिनं तेही लिहून घेतलं.