खाडाखोड

ज्ञानू शेडगे जन्मात दोनच गोष्टींना भ्यायला, सरकारी कागदाला आणि राजाबाईच्या गप्प बसण्याला. एकाहत्तरच्या लढाईत डोक्यावरून गोळे जात होते तेव्हा हा गडी खंदकात बसून शेंगदाणे सोलत होता, असं त्याच्या पलटणीतले लोक सांगायचे. पण कचेरीचं पाकीट आलं की त्याच्या तळहाताला घाम सुटायचा. आणि राजाबाई काही न बोलता भाकरी थापायला लागली की त्याला घरात बसवत नसे.

तिच्या गप्प बसण्याला कारण होतं. एकुलती मुलगी झाली तेव्हा ज्ञानू सरहद्दीवर होता. ती पोर तिसऱ्या वर्षी गोवरानं गेली तेव्हाही सरहद्दीवरच होता. तार पोचून, रजा मंजूर होऊन गावी येईस्तोवर तेरावं उरकलं होतं. राजाबाईनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. भांडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर त्याचा जीव हलका झाला असता. पण ती त्यातली नव्हती. पुढं दुसरं मूल काही झालं नाही.

पलटण सुटल्यावर पेन्शनीत भागेना, तशी दोघं साताऱ्याकडचा बाडबिस्तरा गुंडाळून नवी मुंबईत आली. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात दमयंती कोळणीच्या घरामागची खोली मिळाली. न्हावा शेव्याच्या रस्त्याला कंटेनर ठेवायचं एक यार्ड होतं, तिथं ज्ञानू गनमन झाला. बंदूक त्याची स्वतःची, बारा बोअरची, आणि परवानाही त्याच्याच नावाचा. राजाबाईला मासळीचा वास सोसायला सहा महिने लागले, पण दमयंतीशी तिचं गूळपीठ जमलं.

शहाण्णव सालच्या मार्चात एके दिवशी सकाळी नऊला यार्डातला फोन वाजला. पलीकडून दमयंती धापा टाकत बोलत होती.

"भाऊ, लवकर या. वैनीच्या पोटात पहाटेपासून कळा येतान. मी तिला बेलापूरला दवाखान्यात आनलीय. डाक्टर बोलतो, आतड्याला पीळ पडलाय, आताच्या आता ऑपरेशन करायला लागंल. पन वैनी कागदावर आंगठाच देत नाय."

"का वं?"

"बोलते, मालकांचं तोंड बघितल्याबिगर आत जानार नाय. लई भ्यालीय."

"तिला सांगा, ह्या खेपेला येतोय म्हणावं. निघालोच," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सुपरवायझर सिताराम भला माणूस होता. "जा मामा, इथलं टेन्शन घेऊ नका. बंदूक ठेवा माझ्या कपाटात," तो म्हणाला. दुसऱ्या कुणी तेच केलं असतं. पण ज्ञानूनं मान हलवली. परवाना ज्याच्या नावाचा, त्यानंच शस्त्र सांभाळायचं. दुसऱ्याच्या ताब्यात दिलं तर गुन्हा होतो, हे त्यानं परवाना घेताना पाठ केलं होतं. त्यानं काडतुसं काढून वेगळी बांधली, बंदूक खाकी खोळीत घातली, खोळीचं तोंड सुतळीनं आवळलं आणि उरणकडून येणाऱ्या एका ट्रेलरला हात केला. कायदा मोडणाऱ्याला कायदा क्वचित आडवा येतो. पाळणाऱ्याच्या मात्र पायात पायात येतो.

बेलापूरच्या अलीकडं फाट्यावर नाकाबंदी होती. आदल्या आठवड्यात कुणा बिल्डरवर गोळीबार झाला होता, तेव्हापासून पोलीस लांबट पिशवी दिसली की उघडून बघत होते. ट्रेलर थांबला. हवालदार पंढरी यांनी खोळ बघितली आणि ज्ञानूला खाली उतरवलं.

"परवाना?"

ज्ञानूनं बनियनच्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक काढून दिलं. पंढरी उभ्या उभ्या चाळायला लागले आणि एका पानावर थबकले. तिथं 'हद्द' या शब्दापुढं 'सातारा जिल्हा' असं लिहिलेलं होतं. ते एका रेघेनं खोडून वर 'महाराष्ट्र राज्य' असं लिहिलं होतं.

"ही खाडाखोड कुणी केली?"

"कचेरीतल्या सायबांनी. हिकडं नोकरी लागली तवा हद्द वाढवून घितली, साहेब. कडंला सही हाय, शिक्का बी हाय."

सही होती. शिक्काही होता, पण जांभळी शाई उन्हातान्हात, घामात फिकी पडली होती. पंढरींनी पान उन्हाकडं धरून बघितलं. हा काही दुष्ट माणूस नव्हता. दुष्ट असता तर चार पैसे मागून सोडून तरी दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका पंचनाम्यात तारीख खोडून पुन्हा लिहिली होती, आणि कोर्टात वकिलानं सगळ्यांदेखत त्यांची खरडपट्टी काढली होती. आरोपी सुटला आणि ह्यांची बढती अडकली. तेव्हापासून खाडाखोड झालेला कागद म्हणजे रद्दी, हा एकच कायदा पंढरींना पक्का ठाऊक होता. बाकीचे त्यांनी कधी उघडून बघितले नव्हते.

"परवाना साताऱ्याचा आहे आणि तू बंदूक घेऊन बेलापुरात फिरतोस. वर सरकारी कागदावर खाडाखोड. चल, बस चौकीत. साहेब आल्यावर बघू."

"साहेब, बायकू दवाखान्यात हाय. ऑपरेशन हाय तिचं. ती माझ्यासाठनं थांबलीया. बंदूक ठिवा, पुस्तक ठिवा, पण मला जाऊ द्या. तासाभरात माघारी येतो."

"नाक्यावर धरलेल्या प्रत्येकाची बायको दवाखान्यातच असते," पंढरी म्हणाले.

ज्ञानू चौकीतल्या बाकावर बसला. आपल्याला वाटतं, उठून पळावं की माणसानं, काय गोळ्या घालणार होते? पण ज्ञानू पलटणीत नायक म्हणून निवृत्त झालेला, आणि फौजेत हवालदार नायकाच्या वर असतो. हा हवालदार पोलिसातला, ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे डोक्याला कळत होतं. अंगाला कळत नव्हतं. पंढरी आत आले की हा ताडकन उभा राहायचा, आणि ते बाहेर गेले की बसायचा. दहा वाजले. परवान्याची खात्री करायची तर साताऱ्याला फोन लागेना. अकरा वाजले. दवाखान्यात नुसता निरोप तरी धाडा, म्हणून त्यानं हात जोडले. "जीप आली की पाठवतो," असं उत्तर मिळालं. जीप फौजदार साहेबांबरोबर बंदोबस्ताला गेली होती. बारा वाजले तेव्हा तो रडायला लागला. पन्नाशीला आलेला मिशाळ गडी रडतोय, हे बघून पंढरींनी त्याला चहा मागवला. त्यानं तो प्यायला नाही.

फौजदार दोन वाजता आले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पान उलटलं, आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पंढरी, ही खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे. एका रेघेनं खोडलंय, कडेला अधिकाऱ्याची सही आहे, शिक्का आहे. परवान्यावरची दुरुस्ती अशीच करतात. यांना कधीपासून बसवलंय?"

"सकाळी दहाच्या आधीपासून, साहेब."

"कशासाठी निघाले होते?"

पंढरींनी सांगितलं. पुढं त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी ज्ञानूची बंदूक स्वतःच्या खांद्याला अडकवली, बंदोबस्ताहून परतलेल्या शिपायाच्या मोटारसायकलला किक मारली आणि त्याला मागं बसवलं. दोन वळणं आणि एक चढ, एवढाच रस्ता होता. वाटेत पंढरी एकदाच बोलले, "काका, काही होत नाही काकूंना."

दमयंती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. पदराचा बोळा तोंडात धरलेला. ज्ञानूला बघून ती उठली, मागं पोलीस बघून पुन्हा बसली, आणि त्यावरूनच ज्ञानूला जे समजायचं ते समजलं.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"दीडला. बेसुद्द पडली तवा डाक्टरनी माझा आंगठा घेतला नि आत नेली. पोट उघडलं तं आतडं काळं पडलेलं. बोलले, सकाळी आंगठा दिला असता तं वाचली असती."

"माझ्यावर रागावली आसंल."

"नाय वो भाऊ." दमयंतीला हुंदका आवरेना. "रागानं बोलली असती तं मलापन बरं वाटलं असतं. तापात बडबडत होती. डाक्टर घाई करायला लागले का त्यांचा हात धरायची. बोलायची, जरा थांबा, डाक्टरसायेब. ते फौजेत हाईत. सरहद्दीवरनं यायला दोन दिस लागत्यात. सुटी मिळाली का तडक येनार हाईत, ह्या खेपेला त्यांनी सबूद दिलाय."

पंढरींनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून ते तसेच उभे राहिले. खांद्यावरची बंदूक कुणाच्या हवाली करावी, त्यांना सुचेना.

ज्ञानू पायरीवर दमयंतीशेजारी बसला. तिथून खाली फाटा दिसत होता. ट्रकांची रांग दिसत होती, रस्त्यावर आडवी लावलेली पिंपं दिसत होती आणि चौकीचा पत्राही दिसत होता.

"दमयंतीबाई," तो म्हणाला, "मी त्या तितं हुतो वं. सकाळधरनं."