गाळला गेलेला इशारा

मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात लायब्ररी आहे हे निम्म्या डॉक्टरांनाच ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्यांतल्या निम्म्यांना ती एसीत डुलकी काढायची जागा वाटायची. नमिता पेडणेकर तिथली लायब्ररियन. डॉक्टरांनी प्रश्न विचारायचा आणि तिने जगभरातले अभ्यास धुंडाळून उत्तर द्यायचं, हे तिचं काम. पण अलीकडे मॅनेजमेंटने एक एआय ॲप आणलं होतं. तेही उत्तरं द्यायचं, आणि झटपट. दोघांपैकी कोणाला ठेवायचं ते उद्याच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं.

सकाळी डॉ. मितेश सावलांनी विचारलं, मूत्रपिंडं आधीच कमजोर असलेल्या पेशंटला अमुक अँटिबायोटिक चालेल का? ॲपच्या आधी उत्तर द्यायचं म्हणून नमिता अशी काही सुटली की विचारू नका. ‘धोक्याचा पुरावा आढळला नाही,’ असं पाठवून ती स्वतःवरच खूश झाली.

दुपारी ऑफिसातला सुबोध उद्याच्या मीटिंगसाठी तिचं काम बघायला आला. त्याला दाखवायला तिने तोच शोध पुन्हा लावला, या वेळी सावकाश. पहिल्याच ओळीत इशारा होता. हेच औषध, असेच पेशंट, आणि मूत्रपिंडं निकामी. लेख अगदी ताजा होता.

नमिताने सकाळचा शोध उघडून पाहिला. सकाळी घाईत तिने ‘फक्त माणसांवरचे अभ्यास’ ही चाळणी लावली होती. उंदरांवरचे प्रयोग बाजूला काढायला ती बरी. पण ताज्या लेखांवर ‘माणसं’ हा शिक्का बसायला वेळ लागतो, आणि शिक्का नसलेलं सगळं ही चाळणी गाळून टाकते. हे नमिता स्वतः शिकाऊ डॉक्टरांना बजावून सांगायची!

“डॉक्टरांना मेल टाक ना,” सुबोध म्हणाला. “चूक-बिक कशाला म्हणतेस? नवीन माहिती मिळाली म्हण. उद्या मीटिंग आहे, वाट लागेल तुझी.”

“आणि मेल उघडेपर्यंत त्या माणसाचं काय, रे?”

डॉक्टरांचा मोबाइल बंद होता. लिफ्ट काही येईना. ती जिन्याने धावत वॉर्डात पोचली, तेव्हा पेशंट दशरथ राणे यांच्या हाताला सलाईन लावलं होतं. औषध थेंब थेंब उतरायला नुकती सुरुवात झाली होती. त्यांची मुलगी जया उशाशी मोसंबं सोलत होती.

“सिस्टर, ते औषध थांबवा!”

“तुम्ही लायब्ररीवाल्या ना?” श्वेता सिस्टर बाटलीसमोर येऊन उभी राहिली. “डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. ते ऑपरेशनमध्ये आहेत.”

“मग आत फोन लावा. मी बोलते.”

घंटी वाजत राहिली. नमिताची नजर थेंबांवरून हलेना. शेवटी पलीकडे कोणीतरी डॉक्टरांच्या कानाला फोन धरला.

“सर, नमिता. सकाळचं माझं उत्तर चुकलं. ताजा इशारा आहे, माझ्याकडून गाळला गेला. औषध बंद करा.”

पलीकडून थंड आवाज आला, “सिस्टरला दे.”

श्वेता सिस्टरने ऐकलं, मान हलवली आणि नळीची कळ दाबली. थेंब थांबले.

“गो बाय, काय झाला?” दशरथ क्षीण आवाजात म्हणाले.

जया उठली, तिने हात जोडले. “ताई, देवासारख्या धावून आलात.”

इथे नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. सुबोधने तेच केलं असतं. पण ते जोडलेले हात नमिताला बघवेनात.

“देव-बिव नाही हो. हे औषध चालेल असं सकाळी मीच कळवलं होतं. घाई केली मी.”

जयाचे हात हळूच खाली आले. तिने वडिलांकडे पाहिलं, मग नमिताकडे.

“मग आता दुसरं औषध कोण शोधणार?”

“मीच.”

“या वेळेला नीट बघा, ताई. बाप आहे माझा.”